शाम्पू डोक्याला, चट्टे गळ्याला

लोकांची डोकी धुण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. रामनगरच्या बाजारात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. तालुक्यातलं पहिलं, असं मी सांगते. पलीकडच्या गल्लीतल्या पार्लरवालीचं मत वेगळं आहे, पण तिच्या हातच्या भुवया एक वर एक खाली असतात, त्यामुळे तिच्या मताचं मी फार मनावर घेत नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी 'धंद्यातला एखादा अनुभव लिहा' म्हणून निरोप धाडला, तेव्हा त्यांच्या मनात नवऱ्या, मेंद्या, ऐन मुहूर्ताला सुटलेला अंबाडा असलं काहीतरी असणार. मला मात्र माझ्याच शहाणपणाची एक गोष्ट आठवली. ती सांगताना मी स्वतःला वाचवणार नाही, कारण त्या वेळी मी दुसऱ्या कुणाला वाचवलं नव्हतं.

आधी धंद्याचं थोडं सांगते. डोकं धुणं म्हणजे काय मोठं, असं बाहेरच्यांना वाटतं. केसात तेल असतं, तेलाला धूळ चिकटते, आणि नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही. म्हणून शाम्पूत मळ काढणारं एक द्रव्य घालतात. ते एका टोकानं तेल धरतं, दुसऱ्या टोकानं पाणी धरतं, आणि दोघांना घेऊन मोरीत जातं. खरं काम एवढंच. बाकी बाटलीत पाणी, वास, रंग, दाटपणा आणि बाहेरून चित्र. यांतलं चित्र सगळ्यात महत्त्वाचं. फेसाचा आणि स्वच्छतेचा तसा संबंध नाही, पण फेस आला नाही तर गिऱ्हाइकाला डोकं धुतल्यासारखंच वाटत नाही. मी फेस भरपूर काढायची. बोटांच्या टोकांनी, नखं न लावता, कपाळापासून मानेपर्यंत. निम्म्या बाया खुर्चीतच डोळे मिटायच्या. बेळगावात केलेल्या सहा महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र समोर भिंतीवर होतं. डोळे उघडले की आधी ते दिसावं अशा बेतानं मी ते लावलं होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नंदिगड्ड्याच्या शाळेतल्या एक बाई स्वतःची शिकेकाई डब्यातून घेऊन यायच्या आणि ती भेसळीची नाही हे पटवायला मला दर वेळी वास घ्यायला लावायच्या. सव्वीस वर्षांत मी एवढी शिकेकाई हुंगली आहे की तेवढी वाण्यालाही हुंगावी लागली नसेल. पण माझ्या गोष्टीला सुरुवात झाली ती दोन पाहुण्या बायांमुळे. नदीत होड्या वल्हवायला शहरातली माणसं आमच्या तालुक्यात येतात, जंगलातल्या घरांत राहतात, आणि दोन दिवसांनी त्यांना जंगल केसातून काढून टाकायचं असतं. त्या दोघी तशाच आल्या. एकीनं माझी बाटली उचलली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि मेलेला उंदीर ठेवावा तशी ती बाटली परत फळीवर ठेवली.

"यात सल्फेट आहे," ती म्हणाली. "आम्ही सल्फेट वापरत नाही."

आणि डोकी न धुताच गेल्या. भरल्या पार्लरमधून.

मला ते फार लागलं. सल्फेट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं; कोर्समध्ये नव्हतं ते. पण मला ठाऊक नाही हे मला ठाऊक आहे, असं दिसू देणं आमच्या धंद्यात चालत नाही. पंधरवड्याला माल घेऊन येणारे बेळगावचे एजंट होते, सुरेशराव. पन्नाशीचा माणूस, आमच्या दमट हवेत टाय लावून यायचा आणि टायनंच घाम पुसायचा. त्यांना मी म्हटलं, "सल्फेट नसलेलं काय हाय तुमच्याकडं?"

त्यांनी जणू वाटच बघत असल्यासारखी पांढरी बाटली काढली. वर फोडलेल्या नारळाचं चित्र, बाजूला दोन हिरवी पानं.

"मॅडम, हे खोबऱ्यापासून केलेलं. एकदम सौम्य. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात गेलं तरी बाळ हसतंय बघा."

असलं बाळ मी कुठं पाहिलं नव्हतं, तरी डझनभर बाटल्या घेतल्या. दाराबाहेर पाटीही लावली: 'येथे सल्फेट नसलेला शाम्पू वापरतात.' खाली तेच कन्नडमध्ये. आमच्याकडे सल्फेट म्हणजे भाताला टाकायचं खत, नाहीतर सुपारीच्या बागेत फवारायचा मोरचूद. त्यामुळे पहिल्याच दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकानं दारातच विचारलं, "म्हंजे आजपातूर तुमी आमच्या डोस्क्यावर ते मारत होता व्हय?"

मी हसून वेळ मारून नेली. पण पाटीचा परिणाम झाला. आठ दिवसांत सल्फेट या शब्दावर मी इतकं बोलले की मलाच ते कळायला लागल्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास रेणुका आली. गुंद गावची पोरगी, शेतकऱ्याच्या घरची. घरामागं रान, पुढं भात आणि मधे चार सुपाऱ्या, असं त्यांचं घर. तिचं लग्न ठरलं होतं रामनगरच्या एका दुकानदाराच्या मुलाशी. ती माणसं खानापूरकडून येऊन इथं स्थिरावलेली, नाव राखून असलेली. मुलाची आत्या मंगलाबाई माझी नेहमीची गिऱ्हाईक. सून आणायच्या आधी तिला जरा 'शहराच्या वळणाला लावायला' म्हणून मंगलाबाईंनीच रेणुकाला माझ्याकडे पाठवलं. रामनगर म्हणजे शहर, हेही मला त्या दिवशी कळलं.

पोरीचे केस गुडघ्यापर्यंत. घरी ती कधी शिकेकाई, कधी नुसतं कोमट पाणी वापरायची. मी केस हातात घेऊन म्हटलं, "हे शिकेकाईनं राठ झाल्यात. ही बाटली घे. आठवड्यातनं दोनदा धू. लग्नापर्यंत रेशीम करून देतो तुला."

आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल 'देतो', 'येतो' असंच बोलतात. लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहिते, बोलताना नाही.

पहिले दोन महिने सगळं छान चाललं. केस खरंच चमकायला लागले. नंतर एक दिवस ती आईबरोबर आली ती डोक्यावरून पदर घेऊन. पदर काढला तेव्हा पापण्या सुजलेल्या होत्या, कानांमागं लाल झालं होतं, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना खरखरीत चट्टे, नखांनी ओरबाडलेले. दुकानात त्या वेळी तीन-चार बाया होत्या. मंगलाबाई खुर्चीत तोंडाला फेसपॅक लावून बसल्या होत्या.

"अक्का," रेणुका हळू आवाजात म्हणाली, "ह्यो शाम्पू तर न्हाई कारण?"

मी हसले. आज ते हसू आठवलं की दुसऱ्या कुणाचं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

"शाम्पू लावतीस कुठं?"

"डोक्याला."

"डोक्याला काय झालंय का? बघू." मी सगळ्यांसमोर तिचे केस दुभागून बघितले. टाळू स्वच्छ होती. "काय न्हाई. मग? शाम्पू डोक्याला लावायचा आन् चट्टे गळ्याला उठायचे, असं कुठं असतंय?"

बाया हसल्या. युक्तिवाद बिनतोड होता. मला स्वतःलाच तो इतका आवडला की पुढचं मी न विचारताच सांगितलं. "घाम साचतोय तुझा. दोनदा धूतीस ते आता रोज धू. चांगला फेस काढून, गळ्यापर्यंत."

फेसपॅक लावलेल्या बाईनं बोलायचं नसतं, चेहरा तडकतो. मंगलाबाईंनी तडकू दिला. "मग हे कशानं म्हणायचं, शैलाक्का?"

माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. दोनच शब्द होते. पण भिंतीवर प्रमाणपत्र होतं, बाहेर पाटी होती, आणि चार बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "कातडीच तसली असती एकेकाची. घराण्यात असतंय."

रेणुकाच्या आईनं, देवकीबाईंनी, पोरीच्या डोक्यावर परत पदर ओढला आणि दोघी निघून गेल्या.

ती रोज धुवायला लागली. चट्टे छातीपर्यंत उतरले, पापण्या सकाळी उघडेनात. इकडे 'घराण्यात असतंय' हे माझं वाक्य दुकानदाराच्या घरी पोचलं ते वाटेत अंगानं भरून. कुणी म्हणालं कोड आहे, कुणी त्याहून वाईट नाव घेतलं. शैलाक्कानं स्वतः केस दुभागून बघितलं आणि मान हलवली, असंही कुणी सांगितलं. आधी निरोप गेला, लग्न पुढं ढकलू. मग गेला, पोरीला नीट दाखवून घ्या. मग निरोपच गेले नाहीत, मुलाकडचं एक माणूस जाऊन साखरपुड्याची साडी तेवढी परत घेऊन आलं.

देवकीबाई एकट्या माझ्याकडे आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"तुमी म्हटलंत म्हणं, आमच्या घराण्यातच हाय म्हणून."

"मी तसं न्हाई म्हटलं," मी म्हणाले. "लोकं काय बी जोडत्यात."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. त्या दिवशी त्या तिथंच उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं. त्या पायरी उतरून गेल्या. मी पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

पाऊस लागला तसे माझे हात बिघडायला लागले. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग बारीक पुळ्या, मग कातडी सुटायला लागली. पावसानं होतं म्हणून मी खोबरेल लावलं. पावसानं होत नाही म्हटल्यावर हळद लावली. हळदीनं हात पिवळे आणि लाल असे दोन्ही दिसायला लागले. मेडिकलमधून मलम आणलं. ते लावलं की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी परत. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडल्या. लिंबू पिळायचं तर नवऱ्याला हाक मारावी लागे.

एक दिवस एका बाईचं डोकं बेसिनला टेकवलं, पाणी सोडलं आणि हात लावणार तोच तिनं वर बघून विचारलं, "अक्का, हाताला काय झालंय हो?"

"काय न्हाई, जरा पावसाचं."

"लागंल काय आमास्नी?"

"न्हाई लागत."

"तरी पण आज नको," म्हणून ती ओल्या केसांनी उठली. टॉवेलही स्वतःचा स्वतः घेतला, माझ्या हातून नाही. त्या आठवड्यात आणखी दोघी तशाच उठल्या. तिसरीनं कारण दिलं की घरी दूध उतू जाईल. तिच्या घरी दुभतं जनावर नव्हतं आणि दूधवाला अजून यायचा होता.

गणपतीत पार्लर आठ दिवस बंद असतं. त्या आठ दिवसांत हात जवळजवळ बरे झाले. मी ते गणपतीच्या नावावर जमा करून नवव्या दिवशी दुकान उघडलं, आणि तिसऱ्या दिवशी परत चिरा. माझा नवरा फॉरेस्टच्या नर्सरीत कामाला होता, रोपं जगवण्यात त्याचा जन्म गेला. तो म्हणाला, "रोप एका जागी मरत असंल आन् दुसऱ्या जागी जगत असंल, तर रोपाला नावं ठेवू नये. माती बघावी." त्याचं ऐकायची मला सवय नाही, पण यावेळी ऐकलं.

बेळगावात कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, "काम काय करता?" सांगितलं. "मग पुढच्या वेळी तुमच्या दुकानातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या."

सोमवारी मी पिशवीभर बाटल्या घेऊन गेले. त्यांनी माझ्या पाठीवर छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक चकतीत एकेका द्रव्याचा थेंब, आणि पेनानं आकडे घातले. याला पॅच टेस्ट म्हणतात. दोन दिवस पट्ट्या काढायच्या नाहीत, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. आमच्या गावात श्वास घेतला तरी घाम येतो. बुधवारी जाऊन पट्ट्या काढल्या, शुक्रवारी परत जाऊन पाठ दाखवली, कारण ही प्रतिक्रिया उशिरा येते, लगेच दिसत नाही. नवऱ्यानं माझ्या पाठीला कॅलेंडर असं नाव दिलं आणि सणवार कुठं आहेत ते विचारायला लागला.

शुक्रवारी एका आकड्याखाली लाल, जाड, खाजणारा गोल उठला होता. डॉक्टरीणबाईंनी आरशात दाखवला आणि नाव सांगितलं: कोकामिडोप्रोपिल बीटेन. मी तीनदा म्हणायला लावलं. नारळाचं चित्र ज्या बाटलीवर होतं, तिच्यातलंच हे. शाम्पूतलं मळ काढणारं द्रव्य.

"पण ते खोबऱ्यापासून केलेलं आहे," मी म्हटलं. सुरेशरावांची मी इतकी चांगली शिष्या होते.

"खोबऱ्याच्या तेलापासूनच करतात," त्या म्हणाल्या. "पण नारळ फोडून बाटलीत ओतत नाहीत ना? कारखान्यात त्याच्यावर प्रक्रिया होते. तेव्हा वापरलेली काही रसायनं थोडी थोडी मागं राहतात, आणि बहुतेक वेळा अंगाला सोसत नाहीत ती तीच. सगळ्यांना होत नाही. बहुतेकांना हा शाम्पू चालतो. ज्यांना चालत नाही त्यांनाही आधी चालत असतो."

"म्हणजे?"

"कडक साबणानं हात कोरडे पडतात ते कुणाचेही पडतील. ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत शरीर त्या वस्तूला हळूहळू ओळखायला लागतं. महिने, कधी वर्षं काहीच होत नाही. मग एक दिवस ओळख पटते, आणि पटली की शरीर विसरत नाही."

मी पाठीवरचा पदर सारखा केला. मग विचारलं. कुणासाठी विचारते ते सांगितलं नाही. "डॉक्टर, शाम्पू डोक्याला लावला तर गळ्याला चट्टे येतील का?"

"गळ्यालाच येतील," त्या सहज म्हणाल्या. "पापण्यांना, कानांमागं, गळ्याच्या बाजूंना. टाळूची कातडी जाड असते, ती पुष्कळ सोसते. फेस धुतल्यावर पाणी कुठून खाली जातं? पापण्यांवरून आणि गळ्यावरूनच ना? तिथली कातडी पातळ. डोकं स्वच्छ आणि गळा उठलेला दिसला की आम्ही आधी शाम्पूच विचारतो."

माझा बिनतोड युक्तिवाद तिथं पडला. ज्या खुणेवरून डॉक्टर शाम्पू ओळखतात, त्याच खुणेवरून मी त्याला निर्दोष सोडून पोरीला धरलं होतं. वर रोज धू म्हणून सांगितलं होतं. चांगला फेस काढून, गळ्यापर्यंत.

परत येताना खानापूरपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते, काय दिसलं ते सांगता येणार नाही.

सुरेशराव आले तेव्हा मी त्यांना पाठीची हकिगत सांगितली. त्यांनी टायनं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मॅडम, मग हा घ्या, बेबी शाम्पू." मी भिंग आणलं, मागचं लेबल वाचलं. तिसऱ्या ओळीत तेच नाव. "मग हा आयुर्वेदिक." पानं होती, मुनीचं चित्र होतं, आणि मुनीच्या पायाशी बारीक अक्षरात तेच नाव. घरी हात धुवायच्या बाटलीवरही होतं. इतकी वर्षं मी बाटल्यांची तोंडं बघत आले होते, पाठी कधी बघितल्या नव्हत्या. शेवटी मी जी बाटली त्या दोन पाहुण्या बायांमुळे फळीवरून उतरवली होती, ती वाचली. तिच्यात सल्फेट होतं, पण माझ्या हातांना नको असलेलं ते नाव नव्हतं. कुठलं द्रव्य देव आणि कुठलं राक्षस, हे ज्याच्या त्याच्या कातडीनं ठरवायचं असतं. मी ते पाटीवर रंगवून ठेवलं होतं.

भातकापणी संपली तेव्हा मी गुंदला गेले. जोयड्याला बस बदलून, पुढं चालत. देवकीबाई खळ्यात सुपारी वाळत घालत होत्या. त्यांनी मला बघितलं, या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. रेणुका आतून आली. गळा स्वच्छ, पापण्या नितळ. केस मानेपर्यंत कापलेले.

"बरी झालीस," मी म्हटलं.

"झालो."

चट्टे कसे गेले ते देवकीबाईंनी सांगितलं. जोयड्याला डॉक्टरला दाखवून झालं, एका वैदूचा लेप झाला, देवीला नवस झाला. केसांचाच भार अंगावर उतरतोय असं कुणी म्हणालं म्हणून केस कापून झाले. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी आपोआप उतरलं.

"शाम्पूची बाटली?" मी विचारलं.

"ती तवाच संपली," रेणुका म्हणाली. "परत कोण आणणार? केसच न्हाईत."

म्हणजे वैदूला, देवीला आणि न्हाव्याला जे श्रेय मिळालं ते एका रिकाम्या बाटलीचं होतं.

मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. हात दाखवले, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला पॅच टेस्टचा कागद दाखवला. आणि मी तसं बोलले नाही असं जे देवकीबाईंना सांगितलं होतं, ते खोटं होतं, हेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला. देवकीबाई सुपारी पसरत राहिल्या.

"मी त्या घरी जातो," मी म्हटलं. "कागद दाखवतो. लग्न..."

"त्या लग्नासाठी जाऊ नका," रेणुका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गळ्यावरच्या चट्ट्याला भिऊन जो पळाला, त्याच्या घरी बाळंतपणात काय करतील माझं? ते ऱ्हाऊ द्या. पण सांगा. माझ्या पाठीवर बहीण हाय, सावित्री. उद्या तिला बघायला येतील तवा घराण्यात हाय म्हणतील. तेवढं पुसा."

"पुसतो," मी म्हटलं.

बाजारच्या दिवशी माझं पार्लर भरलेलं असतं. मंगलाबाई आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी घालायला सांगितलेले हातमोजे काढून मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. पोरीच्या घराण्यात काही नाही, दोष माझ्या शाम्पूचा होता, आणि तो न ओळखता मी तोंडाला येईल ते बोलले. कागद वाचून दाखवला. माझ्या मते ते बोलणं चांगलं झालं.

मंगलाबाई म्हणाल्या, "आता सांगून काय उपेग? आमच्या पोराचं हळ्याळला जमलं की." मग कानामागं बोट नेऊन म्हणाल्या, "मला बी हितं जरा खाजतंय. ते यानंच काय?"

दुसरी म्हणाली, "मग गेल्या खेपेला माजं डोस्कं कशानं धुतलं तुमी?" तिसरीनं टॉवेलखाली स्वतःचा गळा चाचपला. रेणुकाचं नाव कुणी काढलं नाही. पाच मिनिटांत प्रत्येक बाई आपापल्या मानेची डॉक्टर झाली होती.

मला वाटलं, वाया गेलं. खरी गोष्ट पार्लरच्या दाराबाहेर पडलीच नाही. पण दुसरी एक पडली. आठ दिवसांत गावभर झालं की शैलाक्काच्या पार्लरमध्ये डोकं धुतलं की कातडी जाते. तिचे स्वतःचे हात बघा. गुंदची ती पोरगी, तिचं काय झालं होतं? शैलाक्कानंच केलं ते. पार बाजारकुणंग गावापर्यंत ही बातमी गेली. पलीकडच्या गल्लीतल्या बाईनं तिला पंख लावले असणार. माझा नवरा चिडला. "खुलासा कर. पाटी लाव. सगळ्यांना होत न्हाई म्हणून डॉक्टरनं लिहून दिलंय ना?"

मी विचार केला. खरी गोष्ट लांबलचक होती, तिच्यात न उच्चारता येणारं एक नाव होतं, ती कुणाच्या ध्यानात राहणार नव्हती. ही आवई सुटसुटीत होती, आणि तिच्यात रेणुकाच्या घराण्याचा काही दोष नव्हता. मी खुलासा केला नाही. सल्फेटची पाटी तेवढी काढून टाकली.

गिऱ्हाइकं निम्मी झाली, मग हळूहळू थोडी परत आली. आता मी हातमोजे घालूनच डोकी धुते. एक गोष्ट गेली ती गेलीच. उघड्या बोटांना केस कळायचे. कुणाच्या टाळूला ताप आहे, कुणी रडून आलं आहे, कुणाचे केस बाळंतपणानं गळायला लागलेत, हे मला बाईनं सांगायच्या आधी बोटं सांगायची. मोज्यातून नुसतं ओलं लागतं. सांगितलं नाही तर मला कळत नाही, म्हणून आता मी विचारते. विचारायला सव्वीस वर्षं लागली.

यंदा सावित्रीचं लग्न ठरलं. मुलगा नंदिगड्ड्याकडचा. बोलणी करताना घराण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, असं कानावर आलं. मला आमंत्रण येईल अशी अपेक्षा नव्हती, आलंही नाही. पण लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी रेणुका सावित्रीला घेऊन पार्लरमध्ये आली. ती आता जोयड्याजवळच्या एका पाहुणेघरात स्वयंपाक बघते. केस खांद्याखाली आलेत.

ती सरळ फळीपाशी गेली. एकेक बाटली उलटी करून मागचं वाचू लागली, ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत. दोन बाटल्या परत ठेवल्या. तिसरी हातात ठेवली.

"हिच्यात न्हाई ते," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. "बस सावित्री, टेकव डोकं." आणि मोजे घालायला लागले.

"अक्का," रेणुका म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या. मी धुतो तिला."

तिनं बाह्या वर केल्या, बहिणीचं डोकं बेसिनला टेकवलं, आधी मनगटावर पाणी बघितलं. घाई नव्हती तिला. दर तांब्याला ती बहिणीच्या पापण्यांवर एक हात आडवा धरत होती. मी टॉवेल हातात घेऊन, तिचं धुऊन होईपर्यंत, माझ्याच दुकानात बाजूला उभी राहिले.